नागतलावाचा खेळ

एस.टी.च्या खिडकीतून बाबांनी चिवड्याचा डबा आत दिला आणि म्हणाले, "कोणी विचारलं कुठली, तर जिल्हा सांगजो. गावाचं नाव त्यांना समजणार नाही." आई खाली उभी राहून माझी बॅग सीटखाली नीट गेली का ते पाहत होती. गाडी हलली तशी ती चार पावलं बरोबर चालली आणि थांबली. त्या वर्षांत आपल्याकडची किती मुलंमुली अशीच कॉम्प्युटरचा कोर्स करून पुण्याच्या गाडीत बसली. तुमच्यातले काही माझ्यासारखे निघालात, काहींनी स्टँडवर उभं राहून हात हलवले. हे दोघांसाठीही आहे.

सदाशिव पेठेत खोली मिळाली. पहिल्याच दिवशी घरमालकीणबाईंना 'येतेय' म्हणायचं होतं, तर फोनवर आपल्याकडचं म्हटलं, "मी येऊन राहिले." त्या म्हणाल्या, "आलात की राहिलात? एक काहीतरी ठरवा." मी निमूट शुद्ध बोलायला शिकले. दिवसभर ऑफिसात टेस्टिंग करायचे, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. संध्याकाळी मेसची पोळीभाजी खाताना वाटायचं, आपण इथे आहोत खरं, पण आपल्यातलं कुणीतरी अजून गाडीतच बसलेलं आहे.

तेव्हा चिन्मय भेटला. तो आमच्याच टीममधला, नारायण पेठेतला. पुढे मी त्याच्याशीच लग्न केलं, हे आत्ताच सांगून टाकते. अमेरिकेच्या प्रोजेक्टवरून परत येताना लोक परफ्यूम आणि चॉकलेटं आणायचे; याने एक जाडजूड नियमांचं पुस्तक आणि वीस-वीस बाजूंचे फासे आणले. खेळ असा, की एकाने जागा रंगवून सांगायची: समोर भुयार आहे, आत पाणी ठिबकतंय, कुणीतरी श्वास घेतंय. मग प्रत्येकाला विचारायचं, "तुम्ही काय करता?" कुणी योद्धा असतो, कुणी मांत्रिक. ज्याने त्याने सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. आम्ही दर रविवारी दुपारी त्याच्या घरी जमायचो. ती चिन्मयच्या बाबांच्या वामकुक्षीची वेळ, त्यामुळे फासे गोधडीवर टाकावे लागत. जगातल्या कुठल्या ड्रॅगनला इतक्या शांततेत कुणी मारलं नसेल.

जागा रंगवण्याचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. मी लिहिलेल्या पहिल्या मोहिमेत बर्फाच्छादित डोंगर होते आणि सरायांतून शेकोट्या. चिन्मयने शांतपणे विचारलं, "बर्फ पाहिलायस का कधी? फ्रिजमधला सोडून?" मला राग आला. त्या रागातच पुढच्या रविवारी मी आपल्या गावचा तलाव खेळात नेला.

तळाशी झोपलेला नाग, त्याच्या श्वासाने हलणारं पाणी, काठावर धानाच्या बांध्या, म्हणजे त्यांची भातखाचरं, आणि पहाटेच्या धुक्यात मोहाची फुलं वेचणाऱ्या बाया, ज्यांच्यातल्या एकीची सावलीच पडत नाही. खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली प्रज्ञा, जी एरवी दिसेल त्याच्यावर तलवार उपसायची, तिने हलकेच विचारलं, "मी पाण्यात हात घालू का?" बोलता बोलता मला खरंच ओल्या मातीचा वास आला. त्या दुपारनंतर गाडीत बसून राहिलेली ती मुलगी खाली उतरली, असं मला आजही वाटतं.

तो तलाव मी वर्षानुवर्षं लिहीत राहिले. इंटरनेट घरोघरी आल्यावर इंग्रजी करून अशा खेळांच्या एका साइटवर टाकला, आणि कुठल्या कुठल्या देशांतले लोक आपल्या बांध्यांवरून चालू लागले. मोहिमा लिहिण्याचं तंत्र मला विचाराल तर एकच आहे. जागा लिहायची, धोका लिहायचा, वाटा मोकळ्या सोडायच्या. खेळणाऱ्याने काय करावं हे आपण ठरवायचं नाही. ज्या मोहिमेत एकच वाट असते तिला खेळ म्हणत नाहीत, तिला वरात म्हणतात. हे मी नव्या लोकांना मोठ्या तोऱ्यात शिकवायचे.

मग बाबा गेले. आई त्या घरात एकटी राहिली. आम्ही कोथरूडला फ्लॅट घेतला होता, एक खोली तिच्यासाठी लावून ठेवली होती. रोज फोनवर विचारायचे, आणि ती रोज म्हणायची, "पाहू." तिला तिकडे काही झालं तर मी पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडेल, या भीतीने माझी झोप गेली होती.

उन्हाळ्यात ती महिनाभर आली, आणि मी माझाच नियम धाब्यावर बसवला. तिच्यासाठी खास एक मोहीम लिहिली. नाग जागा झालाय, तलावाची पाळ फुटणार आहे, गाव सोडावंच लागेल. खिंडीपलीकडे एक सुरक्षित शहर आहे, तिथे ओळखीचं घर आहे. इतकं उघड, की चिन्मय वाचून म्हणाला, "यात फक्त आपला फ्लॅट नंबर घालायचा राहिलाय."

रविवारी आईला मधोमध बसवलं. काठावरच्या म्हातारीची भूमिका तिची. प्रज्ञाने म्हातारीचं नाव विचारलं, तर आई चटकन म्हणाली, "कुसुम."

"छान सुचलं हो, काकू."

"सुचलं कुठचं? माझंच नाव आहे ना ते. लग्नात बदललं."

माझ्या लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहायची वेळ आली तेव्हा मी नकार दिला होता, आणि त्याचा मला केवढा अभिमान. आईचं त्या ताटात काय गेलं, हे विचारायचं मात्र कधी सुचलं नव्हतं. मावशी तिला ताई म्हणायची, आजोबा बाय, त्यामुळे ते नाव माझ्या कानावरच पडलं नव्हतं.

खेळ पुढे सरकला. पाळीला तडे गेले. सवयीने मी विचारलं, "आणि तुम्ही काय करता?"

"पोरीनं मला तुम्ही म्हटलं," ती हसली. मग चष्मा लावून नकाशावर वाकली. खिंडीच्या रस्त्याकडे तिने पाहिलंही नाही. कोपऱ्यात, कागद रिकामा दिसू नये म्हणून मी नदी काढली होती आणि तिच्याकडे जाणारी एक बारीकशी रेघ. आईने तिथे बोट ठेवलं. "हे कुठं जाते?"

तिथे मी काहीच लिहिलं नव्हतं. "माहीत नाही," मी खरं ते सांगितलं.

"मंग मी तिकडं जातो."

"आई, पण शहरात घर आहे ना तुझ्यासाठी."

"जावईबापू, हे विचारते का सांगते?" तिने चिन्मयला विचारलं. चिन्मय खाली मान घालून फासे गोळा करू लागला.

संध्याकाळी भाजी निवडताना ती आपणहून बोलली. "ते घर तुझं आहे, म्हणून तुला त्याची आठवण येते. माझं ते सासर होतं बाई. चांगलं होतं, पण सासरच. तिथून निघून पुन्हा लेकीच्या सासरी काहून येऊ? तुझी सखू मावशी आमच्या माहेरच्या घरी एकटी आहे. मी वैनगंगेकाठी जातो." तिने ते गाव सोडलं होतं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि तिला कोणी काही विचारलं नव्हतं. माझ्यासारखी तीही घर सोडून आलेली होती, आणि मी तिच्याच पदराला माझं घर समजून बसले होते. मला रडू आलं. तिने मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली.

आपल्या गावच्या घरात आता एक शिक्षक कुटुंब भाड्याने राहतं. या दिवाळीत मी मावशीच्या गावी उतरले. लहानपणी दोनदा आले असेन, वाट आठवत नव्हती. शेवटी एका दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "कुसुमताईची लेक काय तुम्ही?" आणि दारापर्यंत सोडायला आला. आई दारापुढच्या ओट्यावर मावशीशी कशावरून तरी भांडत होती, मोठ्या आवाजात, जशी आमच्या घरी ती कधीच भांडली नव्हती. मला पाहून उठली, पाय धुवायला पाणी आणायला गेली. मी ओट्यावर टेकले. मी माहेरी आले होते, आणि पहिल्यांदाच आईसुद्धा माहेरी होती.