नव्या सभासदाची बाटली

"सामान आणलं का, मॅडम?"

आमच्या तालुक्याच्या ग्रामसेवक संघटनेच्या सभेला मी पहिल्यांदा गेले, त्या दिवशी अध्यक्षांच्या तोंडचं हे पहिलं वाक्य. या नाही, बसा नाही. लॉनवरची सभा नुकतीच संपली होती. माइकवरून एकजुटीची भाषणं झाली, नव्या सभासदांना गुलाबाचं एकेक फूल मिळालं. आता भर दुपारी मागच्या खोलीत पंगत बसली होती. मी दारात आले तेव्हा कोणी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. सगळे माझ्या पिशवीकडे पाहत होते.

पिशवीत मोहाची दारू होती. दारूबंदीच्या जिल्ह्यात. ग्रामसभेत दारूबंदीची शपथ वाचून दाखवते ती मी. आपापल्या गावात तीच शपथ वाचणारे ते.

संघटनेत का गेले, ते सांगते. माझ्या गावात नाली न बांधताच ठेकेदार बिलावर सही मागत होता. मी दिली नाही. मग सरपंचाकडून निरोप, वरून फोन, निलंबनाची भाषा. शेजारच्या गावच्या जुन्या ग्रामसेविका बाई म्हणाल्या, "संघटनेत ये. एकटीले खाऊन टाकतीन हे." बरोबरच बोलल्या त्या. संघटना पाठीशी असली की साहेबलोकही नरम येतात. मी वर्गणी भरली आणि अध्यक्षांना भेटले.

ते म्हणाले, "नालीचं मी पाहून घेतो. पण नवीन मेंबरकडून काई तरी असते. कोनी मटण देते, कोनी गोड देते. तुमच्याकडून मोहाची. तुमच्या लोकायच्या घरी तं निंघतेच."

तुमच्या लोकायच्या. मी गोंडाची पोरगी. कॉलेज केलं, परीक्षा दिली, नोकरी मिळवली. यांना माझ्यात दिसली ती भट्टी.

घरी येऊन आईसमोर रागानं बोलले. तिला राग आला नाही. तिनं ते आमच्या रीतीनं समजून घेतलं. आमच्याकडे लग्न असो की पेरणी, चार माणसं कामाला बसली की दारूचे थेंब आधी पूर्वजांच्या नावानं जमिनीला देतात, मग माणसं पितात. आई म्हणाली, "पंचात घेऊन राह्यले ना तुले? मंग खाली हातानं कशी जाशीन?"

मी नाही म्हटलं. तिनं ऐकलं नाही. देवाच्या कामासाठी ठेवलेल्यातून बाटली भरली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि बजावलं, "पयले जमिनीले दे. मंग त्यायले." पोरीला मोठ्या माणसांनी आपल्यात घेतलं, याचा तिला आनंद होता. तो मोडायचं माझ्या जिवावर आलं. कुरखेड्याच्या रस्त्यावर पोलीस उभे होते, तिथून जाताना मी पिशवी छातीशी धरली.

अध्यक्षांनी बाटली काढून हुंगली. "असली आहे बे."

एकानं विचारलं, "रस्त्यात पोलिसानं नाई धरलं?"

दुसरा म्हणाला, "यायले कोन धरते? यायच्यात चालते."

खोलीभर हसू. आईच्या लुगड्याच्या तुकड्यानं एकानं मटणाचे हात पुसले.

तरी मी म्हणाले, "थांबा. पयले जमिनीले द्या लागते."

मग एक जण उठला. कमरेवर हात ठेवून आमच्या नाचाची नक्कल केली आणि तोंडातलं चघळलेलं हाड फरशीवर थुंकलं. "घ्या देवा, चकना बी घ्या."

अध्यक्षांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. "वाढा मॅडम. आज तुमच्याच हातची पायजे."

ग्लास माझ्यापुढे आले. तेलकट बोटं, मिशांना लागलेला रस्सा. किळस आली मला. दारूची नाही, ती माझ्या आईनं हात धुऊन भरली होती. त्या हसण्याची किळस आली. सकाळी माइकवर 'भगिनी' म्हणणारं हेच तोंड होतं.

मी बाटली उचलली, दाराबाहेर गेले. तिथं माती होती. खाली बसले आणि ओतायला लागले. आजोबांचं नाव घेतलं. आजीचं घेतलं. थेंबांवर थांबले नाही. बाटली रिकामी होईस्तोवर ओतत राहिले.

"काऊन सांडून राह्यली वं?" मघाशी मॅडम होते, आता 'वं' झाले.

"ज्यायची होती त्यायले देली," मी म्हणाले. आत जाऊन लुगड्याचा तुकडा उचलला.

अध्यक्षांचं हसू गेलं होतं. "मंग नालीचं तुमचं तुम्हीच पाहा."

घरी आईनं विचारलं, "घेतलं का पंचात?"

"पंच नोहे ते," मी म्हणाले. तुकडा मीच धुतला. तिला दाखवला नाही.

आता अध्यक्ष माझा फोन उचलत नाहीत. ठेकेदार रोज करतो. नाली अजून बांधलेली नाही, आणि बांधल्याशिवाय सही होणार नाही. निलंबित करायचं तर करा.

वर्गणी मी भरली आहे. सभासद मी आहे. त्या खोलीनं मला केलेलं नाही, ती खोली मला काढू शकत नाही. पुढच्या सभेला पहिल्या रांगेत बसणार. माइक मागणार. नालीचं बोलणार, हाडाचं बोलणार, नावं घेऊन बोलणार.

आणि जाणार खाली हातानं.