गाव नसलेल्या गावात स्थळाची चौकशी

आमच्याकडे मुलगी देण्याआधी चौकशी होते. मुलाच्या घरी नव्हे, त्याच्या गावात. पानपट्टीवर, डेअरीवर, पारावर. आमच्या ह्यांची सगळी नोकरी दूध संघात गावोगाव फिरण्यात गेली, त्यामुळे भावकीत कुणाचंही लग्न निघालं की चौकशीचं काम ह्यांच्याकडे. आणि आमच्याच लेकीनं, अमृतानं स्थळ ठरवलं ते थेट लाटवियातलं! ती तिथल्या राजधानीत, रिगाला नोकरीला, मुलगा तिथलाच, यानिस. "पोरगं सगळ्यांचंच ग्वाड असतंय. गाव बघिटल्याबिगर मी व्हय म्हणणार न्हाय," ह्यांनी जाहीर केलं. झालं, निघालो कोल्हापूरजवळच्या आमच्या कळंब्याहून.

यानिसच्या घरी रविवारी जायचं होतं. आम्ही शुक्रवारीच, सेसिसचा किल्ला बघतो अशी लेकीला थाप मारून यानिसच्या गावाकडे सटकलो. (तुम्ही जाणार असाल तर रिगाहून सेसिसला बसनं दोनेक तास, तिकीट चार-पाच युरो, पुढं टॅक्सी. किल्ला सुंदर आहे म्हणे.)

टॅक्सीवाल्यानं खडीच्या रस्त्यावर एका पाटीपाशी उतरवलं. पाटीवर यानिसच्या पगस्ताचं नाव होतं. पगस्त म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीची हद्द समजा. हद्द होती, गाव नव्हतं! कुरणं, बर्चची पांढरी झाडं, खांबावर करकोच्याचं घरटं. अर्धा किलोमीटर चाललो तर एक घर. आणखी तेवढंच चाललो तर दुसरं. ट्रॅक्टरवाला एक जण दिसला, ह्यांनी "राम राम पावणं" म्हणून हात केला, त्यानंही केला आणि तो निघून गेला. तासभर आम्ही गाव शोधत होतो. मग माझ्या डोक्यात उजेड पडला की हेच गाव. इथं प्रत्येक जण आपापल्या शेतात राहतो, घराला नंबर नाही, नाव असतं. पार नाही, पानपट्टी नाही, चौकशी करायची कुणाकडे? ह्यांचा चेहरा अगदी उतरला.

शेवटी एक दुकान लागलं. तिथं काळा, आंबूस राय ब्रेड आणि शहाजिरं घातलेलं चीज घेतलं. ह्यांनी खिशातून चटणीची पुडी काढली आणि जिवात जीव आला. शेजारीच वाचनालय होतं. ते सांभाळणाऱ्या इल्झेबाईंना इंग्रजी येत होतं, आणि मी गारगोटीच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजीच शिकवलंय.

बाईंनी भिंतीवरचा नकाशा दाखवला. देशातला सगळ्यात उंच डोंगर तीनशे मीटरच्या थोडा वर. "म्हंजे ह्येंच्या डोंगरापरास आमची बिंदू चौकातली जमीन उंच," हे खूश झाले. मग बाई इतिहास सांगू लागल्या. आधी जर्मन जमीनदार, त्यांच्या वाड्यात आता शाळा. मग शेतकऱ्यांच्या हाती जमिनी आल्या, सोव्हिएत राजवटीत त्या सामुदायिक शेतीत गेल्या, आणि कितीतरी कुटुंबं सैबेरियाला पाठवली गेली.

"त्या घराचं इच्यार की," ह्यांनी मला ढोसलं. मी यानिसच्या घराचं नाव घेतलं.

यानिसचे आजोबाही लहानपणी आईबरोबर सैबेरियात गेले होते, बाई म्हणाल्या. परत आले तेव्हा घरात दुसरेच राहत होते. आईचं कपाट शेजाऱ्याकडे दिसलं. "त्यांनी ते कधीच मागितलं नाही. दर नाताळला त्या घरी जेवायला जायचे आणि कपाटाकडे पाठ करून बसायचे."

मी मराठीत सांगितलं.

मग बाई हसल्या; आम्ही कोण, ते त्यांनी ओळखलं होतं. "यानिसचे वडील गेल्या आठवड्यात ह्याच खुर्चीत बसले होते. कोल्हापूरचं पुस्तक हवं होतं. नव्हतं. मग कॉम्प्युटरवर तुमच्याकडे पाऊस किती, पीक काय, ते बघितलं. जाताना मला विचारलं, ती माणसं कशी असतील?"

ह्यांनी ताबडतोब शर्टाची कॉलर नीट केली. जन्मभर दुसऱ्यांची चौकशी करणारा माणूस, पहिल्यांदाच स्वतः सापडला होता!

रविवारी रीतसर गेलो. बिटाचं गार सूप मिळालं, रंग होळीचा, चव ताकाची. दोन्ही व्याही गोठ्यात गेले आणि एकमेकांचा एक शब्द न कळता तासभर गाईंवर बोलले. बाहेर येऊन हे अमृताला म्हणाले, "माझं व्हय हाय."

मला आनंद झाला आणि लेक आता तिकडचीच, म्हणून वाईटही वाटलं. लपवून काय करू?

कळंब्याला परतलो, तर दुपारीच भावकी हजर. गाव कसं, माणसं कशी, चौकशी नीट केली का?

"घर चांगलं हाय," हे म्हणाले. "एकच खोट हाय. लई लांब हाय."

सगळे हसले. हे उठून मोरीत गेले आणि भर दुपारी कितीतरी वेळ तोंड धूत राहिले. मी कुणाला आत जाऊ दिलं नाही.