साडेतीनचं ऊन

थोरल्या बहिणीच्या लग्नात आईचा एकही फोटो निघाला नाही. वडील गेल्यावर आई आणि आम्ही दोघी बहिणी कलकत्त्यातलं खिदिरपूर सोडून तिथल्याच बालीगंजला काकांकडे राहायला आलो होतो. लग्नाच्या दिवशी सगळे फोटोसाठी उभे राहिले. आईही मागच्या रांगेत आली, तेव्हा काकू सगळ्यांदेखत म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही आत पंगतीचं बघा. शुभकार्यात तुमचा फोटो बरा दिसत नाही." आई आत गेली. मी सोळा वर्षांची होते. काकूला हे फेडायला लावायचं, हे मी तिथेच ठरवलं.

सहा वर्षांनी, मार्गशीर्षात, माझं लग्न ठरलं. लग्नाच्या पंधरा दिवस आधी मी एका वयस्क बंगाली फोटोग्राफरना आमची गच्ची दाखवली. त्यांनी भिंतीपाशी उभं राहून उन्हाचा अंदाज घेतला.

"थंडीत साडेतीन ते चार, दिदी. मग शेजारच्या इमारतीची सावली येते. आणि मांडवात अंधार आहे, तिथे चेहरे धड येणार नाहीत."

"मग मांडवात काढूच नका," मी म्हटलं. कन्यादान काका-काकू करणार होते, मांडवातल्या फोटोंत तेच आले असते.

होणाऱ्या नवऱ्याला मी पत्रातून सगळं कळवलं. 'आई मधल्या खुर्चीवर बसतील,' एवढंच त्याचं उत्तर आलं. काकूला मात्र मी वेळ सांगितली साडेचारची. जेवण झालं की ती झोपते, आणि उठल्यावर तिला नटायला तासभर लागतो, हे मला पाठ होतं.

लग्नाच्या दुपारी आई गच्चीवर यायला तयार होईना. "लोक काय म्हणतील गं?"

"लोक झोपलेत," मी म्हटलं आणि तिचा हात धरून तिला वर नेलं. मधल्या खुर्चीत ती अवघडून बसली. फोटोग्राफरनी तिला हनुवटी वर करायला सांगितली. चौथ्या फोटोला तिने पदर सारखा केला आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं.

काकू पैठणी नेसून, नथ घालून वर आली तेव्हा फोटोग्राफर कॅमेऱ्याची तिवई मिटत होते.

"आमचा राहिला की," ती म्हणाली.

"ऊन गेलं," ते म्हणाले. ते खरंच होतं.

काकूने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं, आणि ते तिला कळलं याचाच मला जास्त आनंद झाला.

आईला मात्र ते आवडलं नाही. मी माहेरी आले असताना आल्बम आला, तेव्हा ती म्हणाली, "तिच्या घरात आपण इतकी वर्षं जेवलो." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी माफी मागितली नाही.

पुढे काकांनी नागपूरच्या नातेवाइकांना दाखवायला एक फोटो मागितला. मी आईचा चौथा फोटो मोठा करून, चौकटीत बसवून, पार्सलवर काकूचं नाव घालून बालीगंजला पाठवला.