मेंदी लावलेला फौजी

"पाय ठीक हायेत आक्का, जमीनच वाकडी हाय."

कसं काय चाललंय, असं विचारलं की दाजी हेच सांगायचे. पायाचं कुणी विचारलेलं नसायचं, तरी उत्तर पायाचंच यायचं. मग ते माझ्या ओट्याच्या कडेला टेकायचे, बूट काढायचे आणि टाचेला टाच लावून ठेवायचे. त्या बुटांत एखादा माणूस ताठ उभा आहे असं वाटायचं.

दाजी म्हणजे पारूचा नवरा. पारू माझ्या माहेरगावची, देवणीकडची, म्हणून तिचा नवरा माझा दाजी. गल्ली त्यांना फौजी म्हणायची. लातूरच्या त्या गल्लीत मी ओट्यावर बसून वाकळा शिवायचे. खाली बसून काम करणाऱ्या बाईला माणसं आधी पायाकडून दिसतात. कोण पिऊन आलंय, कोण घरात भांडून निघालंय, हे मला चेहरा दिसायच्या आधी कळायचं. तुम्हीही कधी खाली बसून बघा.

दाजींचे पाय मात्र दोन तऱ्हेचे होते. रस्त्यावर ते खाडखाड पडायचे. घराचा उंबरा ओलांडला की भिंतीला हात लागायचा आणि दाजी नुसत्या टाचांवर, पंजा न टेकवता मोरीपर्यंत जायचे. आमच्या दोन घरांचं मागचं अंगण एकच होतं, म्हणून मला ते दिसायचं. गल्लीला दिसायचं नाही.

फौजेत असताना बर्फात पहारा करून त्यांचे पाय गारठून मेले होते. डाव्या पायाचा अंगठा कापावा लागला. बाकीची बोटं राहिली, पण काळीनिळी. थंडीत ठणकायची, उन्हात जळायची. आमच्या गल्लीनं बर्फ बघितला तो गोळेवाल्याच्या गाडीवर. त्यामुळं बर्फानं अंगठा जातो हे कुणाला पटत नव्हतं.

"गोला खाके किसीका अंगूठा गया नै आजतक," अंगणाच्या भिंतीपलीकडची खाला म्हणायची.

"खाला, त्यो साखरेचा असतोय," दाजी म्हणायचे.

घरात जी काही पेन्शन यायची ती त्या पायांची. दर काही वर्षांनी फौजेच्या डॉक्टरांचं बोर्ड पाय पुन्हा तपासायचं. अंगठा गेला हे त्यांना माहीतच होतं. उरलेल्या पायांनी माणूस कसा चालतो, हे बघायचं होतं. पाय बरे झाले असं ठरलं की पेन्शन बंद.

असं बोलावणं आलं तेव्हा दुष्काळ होता आणि जिल्हा नवा होता. कचेऱ्यांच्या पाट्या रंगवून झाल्या होत्या, खुर्च्या यायच्या होत्या. दाजी म्हणायचे, पाऊस अजून जुन्या जिल्ह्याच्या पत्त्यावर पडून राहिला असेल. तिकडून आलेल्यांना विचारलं, तर तिकडंही नव्हता.

पारूनं तयारी सुरू केली. तयारी म्हणजे पाय चांगले दिसले पाहिजेत. मोठ्या साहेबापुढं भेगाळलेले पाय न्यायचे, म्हणजे घरच्या बाईची अब्रू गेली. टँकर आला तेव्हा गल्लीतल्या बायकांनी फौजीच्या पायांसाठी एकेक तांब्या काढून दिला. मीही दिला. त्या दिवशी गल्लीत अंघोळ कुणी केली नाही, दाजींचे पाय तेवढे धुतले गेले. पारूनं वजरीनं टाचा घासल्या, न्हाव्याकडून घट्टे काढून घेतले, भेगांत तेल-मेण भरलं. खालानं मेंदी वाटून आणली.

"बर्फानं गेलेल्या पायाला गारवा कशाला?" मी विचारलं.

"पाँव है. ठंडा रहा तो अच्छाच है," खाला म्हणाली आणि दोन्ही तळवे लिंपले.

"पारू, दुखणेकरी नेऊन राहिलीस का नवरदेव?"

"मग काय करू आक्का? बायको लक्ष देत न्हाई म्हणतील सायेब."

दाजी पाय पसरून बसले होते. "लई गार वाटून राहिलं," म्हणाले.

लष्करी दवाखाना लांब होता. दिवसभर एसटीत बसून दाजी गेले आणि खुश होऊन परत आले. साहेबानं लाल तळवे बघून घरात लग्न आहे का विचारलं होतं. मग चालून दाखवायला सांगितलं. साहेबाचा आवाज कानावर पडल्यावर दाजी काय करणार? या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कवायत केली. दुखतं का विचारलं, तर म्हणाले, नहीं साहब. साहेबानं शाबास म्हटलं. दाजी ती शाबासकी गल्लीभर सांगत फिरले.

पुढं पेन्शन बंद झाली.

पारू रोजगार हमीवर खडी फोडायला जाऊ लागली. दाजीही मागोमाग गेले, पाट्या उचलायला. घट्टे परत आले, भेगा परत आल्या, एका बोटाची जखम भरेना. रस्त्यावर पाय तरी खाडखाडच.

अर्ज केल्यावर पुन्हा तपासणी मिळाली. या वेळेला तयारी मी हातात घेतली.

"मेंदी न्हाई, मेण न्हाई," मी दाजींना सांगितलं. "सायबानं चाला म्हटलं की उंबऱ्याच्या आत चालता तसं चालायचं."

"सायबापुढं लंगडू? ते सोंग झालं आक्का."

"सोंग मागल्या टायमाला केलंत. बऱ्या पायाचं."

दाजींनी बूट घातले आणि निघून गेले. जाताना पाय नेहमीपेक्षा जोरात आपटले. मग पारू आली.

"आमच्या ह्यांना काय दुखत न्हाई. तुम्ही उगं लंगडा करून राहिल्या."

"मग पेन्शन कशाची मागून राहिलीस?"

ती हातोडी घेऊन कामावर गेली.

बरेच दिवस ओट्याची कड रिकामी राहिली. मग एका सकाळी दाजी मागच्या अंगणात येऊन उभे राहिले.

"आक्का, दुखतंय असं तोंडातून निघत न्हाई. सवयच न्हाई."

"मग माझ्यापुढं म्हणा."

दाजी ताठ झाले, हात मांड्यांना चिकटवले आणि पहाऱ्यावरून हाळी द्यावी तसे ओरडले, "साहेब, दुखतंय."

भिंतीपलीकडून खाला म्हणाली, "क्या हुआ जी?"

"कुछ नै खाला. सब ठीक है," दाजी लगेच म्हणाले.

मी वाकळ खाली ठेवली. "पुन्हा म्हणा. हळू."

रोज सकाळी कामावर जायच्या आधी त्यांनी ते म्हटलं. आवाज कमी झाला, हात मांड्यांवरून सुटले नाहीत. पारू चुलीपुढं बसून ऐकायची आणि तवा आपटायची.

बोर्डाला पारू आणि मी दोघीही बरोबर गेलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. आजूबाजूला सगळे फौजीच, कुणाचा हात गेलेला, कुणाचा डोळा. दाजींचं नाव पुकारलं. ते उठले आणि खाडखाड आत गेले. मी मनात म्हटलं, संपलं.

खूप वेळ दार उघडलं नाही. उघडलं तेव्हा दाजींच्या हातात बूट होते. पाय उघडे. एक हात भिंतीला लावून, टाचांवर तोलत, पंजा न टेकवता ते आमच्याकडं येत होते. तेच ते अंगणातलं चालणं, एवढ्या लोकांसमोर. पारूनं पदर तोंडापुढं ओढला. बाकावरच्या एका फौजीनं हात पुढं केला, तो दाजींनी धरला. खाली बसले. बूट बाकाखाली टाचेला टाच लावून ठेवले.

"म्हणलो," ते म्हणाले.

"काय म्हणलात?"

"दुखतंय म्हणलो. हळूच म्हणलो."

पेन्शन पुन्हा सुरू झाली. दाजींनी पाट्या उचलणं सोडलं. त्यानंतर ते रस्त्यावरही भिंत धरून चालायला लागले. गल्लीनं चार दिवस बघितलं आणि सोडून दिलं. जमीनही मग वाकडी राहिली नाही. कसं काय विचारलं, तर म्हणायचे, "दुखतेत." एवढंच. पारू मात्र कुणी विचारलं की आपलं तेच लावायची, आमच्या ह्यांना काय न्हाई.

दाजी गेले ते उन्हाळ्यात. मयताच्या पायांचे अंगठे एकत्र बांधायची आमच्याकडं रीत आहे. सुतळी घेतलेला माणूस पायाशी बसला आणि थांबला. डावा अंगठा नव्हताच. त्यानं वर बघितलं.

"घोट्यांना बांध," मी म्हटलं.

त्यानं सुतळी गुंडाळली आणि गाठ आवळायला घेतली. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली पारू बोलली.

"सैल बांधा. दुखतेत त्यांचे पाय."

त्या माणसानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यानं गाठ सोडली आणि पुन्हा सैल बांधली.