आईंना ऐकू आलं पाहिजे

आमच्या दो डिग्री मॅडम कुठल्याही टॉवरखाली उभ्या राहिल्या, की आधी नागपूरला सासूबाईंना फोन लावायच्या. सोबत कंपनीची महागडी यंत्रं, लॅपटॉपवर सिग्नलचा सगळा नकाशा हिरवागार, आणि बाई भर उन्हात ओरडतायत, "आई, वांगी ताजी आलीत इथे. वांगी, वांगी!" भोपाळच्या बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात मी हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा वाटलं, हिच्या हाताखाली आपलं काही खरं नाही.

नाव अर्थातच ऑफिसने ठेवलेलं. भोपाळात कुठूनही नेटवर्कची तक्रार आली, की बाकीचे म्हणायचे, पॉवर वाढवा, नवा टॉवर टाका. या म्हणायच्या, "पहले दो डिग्री नीचे करके देखो." टॉवरवरची अँटेना फार लांब बघत असली, की पायाशी उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून सगळं निघून जातं. ती जराशी खाली झुकवायची, हे त्यांचं सगळ्या दुखण्यांवरचं औषध, आणि बहुतेक वेळा ते लागू पडायचं. ऑफिसबाहेर मी त्यांना ताई म्हणायचे. तिथे मराठी आम्ही दोघीच, त्यामुळे डबा आणि साहेबांची निंदा दोन्ही वाटून खायचो.

सासूबाईंचं म्हणाल, तर त्यांना कमी ऐकू यायचं, आणि कानाचं यंत्र लावायला त्या काही केल्या तयार नव्हत्या. फोनवर दर वाक्याला "काय गं?" ठरलेलं. ताईंचं म्हणणं सरळ होतं. आईंना ऐकू आलं, म्हणजे कुणालाही ऐकू येईल. तिकडून "काय गं?" आलं, की पाना घेऊन टॉवरवर चढलेल्या आमच्या अन्वरभाईंना हाताने खूण व्हायची, आणखी थोडं खाली. आणि तिकडून "ओरडू नकोस, कळतंय मला," असं खेकसणं आलं, की काम फत्ते. हल्ली बऱ्याच अँटेना ऑफिसात बसून कंप्युटरवरून झुकवता येतात. मी एकदा शहाणपणा करून तसं सुचवलं. ताई म्हणाल्या, "कंप्युटरला कुठे 'काय गं' म्हणता येतं?"

त्यांचा खरा कस लागला साकेत नगरात. तिथल्या मोठ्या इस्पितळाच्या आवारात पेशंटची माणसं सतरंज्या अंथरून बसलेली असतात. वरून वॉर्डातून फोन येतो, हे औषध आणा, रक्त लागतंय, सहीला या. नेमका तो फोन तिथे लागत नव्हता. शेजारच्या इमारतीवरची आमची अँटेना आवारावरून पार हायवेकडे नजर लावून बसली होती. झुकवूया म्हटलं, तर साहेबांनी नन्नाचा पाढा लावला. हायवेवरून बडी माणसं गाडीत बोलत जातात, तिथे कॉल तुटला तर वरून विचारणा होणार. शेवटी ते म्हणाले, "लिखकर देंगी कि ज़िम्मेदारी आपकी?" ताईंचं प्रमोशन त्याच सुमारास ठरायचं होतं, आणि साहेबांना ते पक्कं ठाऊक होतं. मी शेजारी बसून कोपराने ढोसत होते, नको, नको. बाईंनी तिथल्या तिथे स्वतःच्या नावाने मेल पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या आवारात फिरत होतो. औषधाच्या खिडकीपाशी "काय गं?", पायऱ्यांपाशी "काय गं?". अन्वरभाई वर घामाने निथळतायत, दर खेपेला पाना फिरवतायत. कोपऱ्यातल्या कडुनिंबाखाली पोचलो आणि नागपूरहून आईंचा आवाज मलासुद्धा ऐकू आला, "ओरडू नकोस, कळतंय मला." थोड्या वेळाने जवळच्या सतरंजीवरच्या एका बाईचा फोन वाजला. ती ऐकता ऐकताच उठली आणि चपला न घालता वॉर्डाकडे धावली. ताई तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "ठेवते हं आई."

पुढे व्हायचं तेच झालं. हायवेवर एका ढाब्यापाशी कॉल तुटायला लागले, तक्रार वर गेली, साहेबांनी अँटेना पुन्हा उचलायला सांगितली. ताईंनी उचलली नाही. पलीकडच्या टॉवरची अँटेना वळवून त्यांनी ती फट बुजवली आणि साहेबांचं तोंड बंद केलं. पण तोवर प्रमोशन दुसऱ्याच्या पदरात पडलं होतं. माझा जळफळाट चाललेला, आणि या शांतपणे डबा उघडतायत. म्हणाल्या, "प्रमोशन झालं असं सांगितलं असतं, तरी आई 'काय गं?'च म्हणाल्या असत्या." मी माझ्या आयुष्यात बरेच साहेब पाहिले. हिच्या हाताखाली शिकले, हे मात्र मी आजही कुणी न विचारता सांगते.

मग मी पुण्याला आले. वर्षभराने ताईंच्या नागपूरच्या आई गेल्याचं कळलं. मी लगेच ताईंना फोन केला. त्यानंतर कधीतरी साकेत नगरातल्या जुन्या अँटेना काढून नव्या बसवल्या, आणि बसवणाऱ्यांनी आवारावरची अँटेना पुन्हा हायवेकडे रोखली. ती झुकवायची जबाबदारी ताईंनी पुन्हा स्वतःच्या नावावर घेतली, हे मला अन्वरभाईंकडून कळलं.

एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना ताईंचा फोन आला. मागे माणसांचा गलका, आवाज तुटक, शब्दाला शब्द लागेना. मी म्हटलं, "काय?"

"हां, तसंच म्हणत राहा," त्या म्हणाल्या, आणि फोनपासून तोंड बाजूला करून, "अन्वरभाई, थोड़ा और नीचे."

मग माझ्या ध्यानात आलं, ताई इस्पितळाच्या त्या आवारात उभ्या होत्या. मी उठून जिन्यात गेले. आईंची जागा मला मिळाली होती, आणि खरं सांगते, एवढं मोठं प्रमोशन मला आजवर कुणी दिलेलं नाही. "तुझे कान फार चांगले आहेत गं, या कामाचे नाहीत," ताई म्हणाल्या. पुढे वांग्यांचं काहीतरी आलं, ते अर्धवट कळलं. मी पुन्हा "काय?" म्हटलं. पुन्हा अन्वरभाईंना हाक गेली. आणि मग त्यांचा आवाज असा स्वच्छ आला, की जणू त्या माझ्या शेजारच्या पायरीवर बसल्यात.

"ओरडू नका ताई," मी म्हटलं. "कळतंय मला."

मग ताई म्हणाल्या, "अन्वरभाई, कस दो. उतर आओ."