ग्राफ पेपरवरची चिठ्ठी

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी बी.एस्सी.ला आहे, आमच्या घरातून कॉलेजला आलेली पहिलीच. कसं लिहावं कळत नाही... पण घडलं ते जसंच्या तसं सांगते.

आम्ही भोकरकडचे, शेतकरी. मी नांदेडला हॉस्टेलवर राहते. पहिल्याच सेमिस्टरला सेमिनारमध्ये मी आमच्या गावाकडच्या बोलीत म्हणाले, "प्रयोग करून राहिले, मॅडम." वर्गातल्या प्रणालीनं (नाव बदललंय) ते रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं. तेव्हापासून मी दिसले की ती विचारायची, "काय करून राहिली गं?" आणि सगळे हसायचे. मी वर्गात बोलणंच सोडलं.

माझी रूममेट एस्तेर उदगीरची. एका रविवारी ती मला तिच्या चर्चला घेऊन गेली. भाड्याचा हॉल, खाली सतरंज्या. दाराशी मार्था मावशींनी विचारलं, जेवून आलीस का? मी म्हणाले, न्हाई. कुणी हसलं नाही. तिथं सगळे असंच बोलत होते. पुढच्या रविवारी मावशींनी शेजारी माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. धर्म बदल असं मला कुणी म्हटलं नाही. आठवडाभरात मी मोकळं बोलायचे ते फक्त तिथं.

दारापाशी प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांची पेटी होती. आमच्या गावात देवापुढं ठेवलेली चिठ्ठी कुणी उघडत नाही. मला वाटलं, इथंही तसंच. प्रॅक्टिकलच्या वहीतला ग्राफ पेपर फाडला आणि लिहिलं — प्रणालीचा आवाज जाऊ दे. सगळ्यांसमोर जाऊ दे.

बुधवारी प्रणाली सेमिनारला उभी राहिली. तोंड उघडलं... आवाजच नाही. डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही. खरं सांगते, मला आनंद झाला. त्या दिवशी मेसमध्ये मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

रविवारी पेटी उघडली. तिथली रीत अशी, की महिन्यातून एकदा चिठ्ठ्या वाटून घ्यायच्या आणि ज्याला जी येईल त्यानं आठवडाभर तिच्यासाठी प्रार्थना करायची. ग्राफ पेपर एकच होता, तो नेमका मार्था मावशींकडे गेला. त्यांनी उघडला, माझ्याकडे पाहिलं, आणि बायबलमध्ये ठेवून दिला. वाटलं, आता ही माणसंही तुटली.

तो आठवडाभर प्रणाली मुकीच होती. पुढच्या रविवारी मीच मावशींना गाठलं. म्हणाले, "मावशी, ते मी रागात लिहिलं होतं."

"काय लिहिलं? कोरीच हाय की." त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "तुझ्या वहीचा कागद वळखला मी. वाटलं, पोरगी लाजली. मग रोज तुझंच नाव घेतलं. हिला बोलायला बळ दे म्हणलं."

कागद कोरा होता. उन्हात तिरका धरला की पेनाचा दाब दिसतो, माझीच अक्षरं... शाई तेवढी नाही. त्याच पेननं लिहिलेली प्रॅक्टिकलची वही जशीच्या तशी आहे.

सोमवारी प्रणालीचा आवाज परत आला. कॉरिडॉरमध्ये मला बघून ती बोलली — "काय करून राहिली गं?"

मी थांबले. सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या आवाजाची वाट बघून राहिले."

कुणी हसलं नाही. तिचा चेहरा पांढरा पडला.

हे मी मावशींना सांगितलेलं नाही. त्या अजून दर रविवारी जागा धरतात. शाई कुठं गेली, मला आजही कळलेलं नाही. प्रणालीनं माफी मागितलेली नाही. चिठ्ठी माझ्याकडेच आहे, कोरी.

पेनही आहे.