पुतळ्याशी बोलणारी

निशातगंजहून चिनहटला जाणाऱ्या शेअर ऑटोत ती रोज सकाळी माझ्या शेजारी असायची. पुस्तक उघडण्याआधी हातांना सॅनिटायझर चोळायची, जणू पेशंटलाच हात लावणार आहे. हॉस्पिटलातली रात्रपाळी संपवून ती थेट कॉलेजला निघालेली असे. नर्सची नोकरी करताकरता केस पिकायला लागले होते, पण शिक्षण डिप्लोम्याचं. प्रमोशनला डिग्री हवी. नाव मी कधी विचारलं नाही. दोघी एकमेकींना दीदीच म्हणायचो.

एकदा तिने पुस्तक उघडलंच नाही. मी विचारलं, "क्या हुआ, दीदी?"

"प्रैक्टिकल दोबारा देना पड़ेगा. इंजेक्शन ठीक लगाया, पर पुतले को बताया नहीं कि सुई चुभेगी. अब पुतले से क्या बोलूँ?"

परीक्षेत पेशंटच्या जागी प्लॅस्टिकचा पुतळा असतो आणि त्याला धीर देण्याचेही मार्क असतात, हे मला तेव्हा कळलं. मला हसू आलं. ती हसली नाही.

पुढे कितीतरी दिवस ती मांडीवरच्या पर्सला हळू आवाजात सांगायची, "बाबूजी, थोड़ा सा चुभेगा." ड्रायव्हर आरशातून बघत राहायचा. तिला त्याचं काही नव्हतं.

ती पास झाली तेव्हा मी म्हटलं, "चलो, नाटक खतम हुआ."

सॅनिटायझरच्या बाटलीचं झाकण लावत ती म्हणाली, "नहीं दीदी. वार्ड में जो बेहोश पड़े रहते हैं, उनसे बोलना मैंने कब का छोड़ दिया था. कल रात एक-एक से बोली."